बोअरहोल दोन

टपालातून मुळं येतात.
रोज साडेनऊला, रेडिंगच्या आमच्या लॅबमध्ये,
झिप लावलेल्या पिशव्यांत, ओल्या मातीसकट.
उदबत्तीच्या काडीएवढी, कधी त्याहून बारीक.
सोबत हातानं काढलेला बागेचा नकाशा
आणि विमा कंपनीचा एकच प्रश्न : कुणाचं?

नदीचं मूळ, ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात.
मी अकरा वर्षं तेच विचारून
घराचे हप्ते फेडते आहे.

आधी धुते. मग ब्लेडनं आडवी चकती,
इतकी पातळ, की खाली ठेवलेलं अक्षर वाचता यावं.
भिंगाखाली आख्खं गाव उघडतं :
मधे पाणी चढवणाऱ्या नळ्या,
त्यांच्यातून बाहेर निघालेल्या भिंती,
भोवती कोठाराच्या खोल्या, मग साल.
विलो आणि पॉप्लर यांच्यात मात्र फरक सांगता येत नाही,
मुळातच.

टोक सहसा तुटलेलं असतं.
त्याला टोपी असते, शिंप्याच्या अंगुस्तानासारखी.
माती टोचते ती टोपीला. झिजली की आतून नवी.
जरा मागे केस, एकेका पेशीचे,
थोड्या दिवसांचे सोबती,
पण झाडाचं बहुतेक पिणं त्यांच्याच जिवावर.
पानं बघायला लोक ऑक्टोबरात बस काढून जातात.

सोमवारची पिशवी बिलरिकीहून. श्रीमती मॉरीन टॅपसेल.
मागच्या खिडकीखाली विटांतून
जिन्यासारखा उतरत गेलेला तडा.
तिकडची माती चिकण; कोरड्या उन्हाळ्यात
झाडं ओढतात, ती आक्रसते,
आणि घर एका गुडघ्यावर बसतं.
संशय : फुटपाथवरचा, कौन्सिलचा ओक.
मूळ : नासपतीच्या घराण्यातलं.
सफरचंद, नासपती, रोवन,
भिंगाखाली सगळ्यांचं आडनाव एक.
नकाशात तसलं एकही झाड नाही.

आयोडीनचा थेंब टाकला.
आत पिठूळ साठा असेल तर रंग बदलतो, म्हणजे जिवंत.
बदलला. शाईची दौत कलंडावी तसा.

फोन करायचा नसतो आम्ही. मी केला.
"नासपती होतं की," बाई म्हणाल्या,
"रॉननं तोडलं. सात उन्हाळे झाले.
बुंधा आहे, त्यावर मी पक्ष्यांचं पाणी ठेवते."
मग जरा थांबून, "दुसरं पलीकडे. ब्रेंडाकडे.
एकाच दिवशी आणली होती, एकाच गाडीतून.
तेव्हा कुंपण नव्हतं."
आणि आता?
"आता बोलणं नाही."

असं होतं कधीकधी. दोन झाडांची मुळं
अंधारात एकमेकांना घासतात, साल जाते,
जखम भरून येते ती दोघांची मिळून.
मग एक तोडलं, तरी बुंध्याला
पलीकडून काहीबाही पोचत राहतं.
पुरावा नाही माझ्याकडे.
माझ्याकडे आहे बोटाच्या पेराहून लहान तुकडा.

फॉर्मवर रकाने दोनच :
जात. जिवंत आहे का.
खरं लिहिलं तर ब्रेंडाच्या दारात करवत जाईल.
जात लिहिली. पुढे पेन अडलं.

पूर्वी आमच्याकडे सासुरवाशिणीला न्यायला
माहेराहून माणूस यायचं, त्यालाही मूळच म्हणत.
मूळ आलं, की ती हातातलं तसंच टाकून
लुगडी बांधायला उठायची.
हे कुणाला न्यायला आलंय,
दोन मीटर दहा खोलीवरून,
नकाशात लिहिलेलं नाही.

साडेपाच झाले. हिलरी एकेक ओळ करत दिवे घालवते.
मी "होय" लिहिते.
आणि खाली, जिथे रकाना नाही तिथे,
बारीक अक्षरात : कुंपणापलीकडे आधी विचारून बघावं.
पेन्सिलीनं.
वाटलं तर खोडता येईल.